भटूनानांच्या घराची बोली

भटूनानांना बरोबर घेऊन भाजी आणायला गेलं की भाजी महाग पडायची. हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं, तरी पुढं कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबरच बाजारात जात राहिलो. यावरून माझ्या व्यवहारज्ञानाचा अंदाज वाचकांनी करावा, म्हणजे पुढची हकीकत समजायला सोपी जाईल.

भाजीवाली म्हणायची, "मेथी दहाला जुडी." मी घसा साफ करून म्हणायचो, "आठला दे." तेवढ्यात माझ्या खांद्यामागून नाना शांतपणे म्हणायचे, "बारा." भाजीवाली बावचळायची. मी वळून बघायचो, तर नाना माझ्या डोळ्यांत डोळे घालून, "बारा एक… बोला डाक्तर… बारा दोन…" आजूबाजूची चार माणसं थांबली की माझ्या अंगात काहीतरी संचारायचं आणि मी तेरा म्हणून मोकळा व्हायचो. नाना लगेच हात झटकून बाजूला. "गई. डाक्तरनी लिधी," म्हणजे डाक्तरनं घेतली. घरी आल्यावर बायको जुडी उलटीसुलटी करून बघायची. तेरा रुपयांच्या मेथीत तिला काही वेगळं सापडायचं नाही.

मी डॉक्टर नाही. धुळ्यात पांझरेच्या पलीकडं, देवपुरात, माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारतो, एवढ्या भांडवलावर नानांनी मला डाक्तर करून टाकलं होतं. ते समोरच्या घरात राहायचे. त्यांच्या वडिलांनी गिरणीत असताना बांधलेलं चार खोल्यांचं घर, वर गच्ची, पुढं ओटा. घरात माणसं दोनच, नाना आणि त्यांची बायको. तिला सगळी गल्ली जिजी म्हणायची.

नाना दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची हर्राशी पुकारायचे. शेतकऱ्यानं ढीग लावायचा, व्यापाऱ्यांनी भोवती उभं राहायचं आणि नानांनी भाव बोलत बोलत चढवत न्यायचा, हे त्यांचं काम. हंगामात सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी लालभडक डोळे घेऊन परत यायचे. मी थेंब द्यायचो, ते खिशात टाकायचे आणि विसरायचे. "मिरचीना बाजारमा कोरडा डोळा काय कामना, डाक्तर?"

हा धंदा त्यांच्या जिभेवरून घरातही उतरलेला होता. जेवताना ते दीड भाकरीवर अडून बसायचे. जिजी म्हणायच्या, "दोन." नाना, "दीड." जिजी, "तीन." नानांना भाव उलट्या बाजूनं चढतोय हे कळेपर्यंत ताटात दुसरी भाकरी पडलेली असायची. आयुष्यात त्यांना हरवणारा बोलीदार एकच, तो त्यांच्याच चुलीपाशी बसलेला. मी गमतीनं विचारलं, "नाना, घरातलं काय काय विकायला काढाल?" तर म्हणाले, "बठ्ठं इकाले शे. जिजी सोडीसन." सगळं विकायचं, जिजी सोडून. आतून आवाज आला, "मले कोन लेवाव शे आते?" नाना लगेच, "मी शे ना. बोली मनी."

एकदा मी त्यांच्याबरोबर दोंडाईच्याला गेलो. मोठ्या हौशीनं पांढरा सदरा घालून गेलो होतो. उतरल्यावर दहा पावलांत शिंका सुरू झाल्या त्या परतीच्या गाडीत बसेपर्यंत थांबल्या नाहीत. मैदानभर लाल ढीग. नाना एका ढिगाकडून दुसऱ्याकडं जात होते, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि आवाज असा की शब्द कळण्याआधी आकडा कळावा. शेवटी एका म्हाताऱ्या बाईचा ढीग आला. मिरची डागाळलेली, काळी पडलेली. व्यापाऱ्यांनी एक नजर टाकली आणि घोळका पुढं सरकला. कोणी काही बोललं नाही. नाना मात्र तिथंच उभे. त्यांनी खाली वाकून मूठभर मिरची हातात घेतली आणि स्वतःच पहिला भाव बोलले. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नसते. अडत्यानं कपाळाला हात लावला. बोली वाढली नाही, ढीग नानांच्याच गळ्यात पडला.

परत येताना मी म्हटलं, "नाना, खराब माल कशाला घेतला?"

"माल कसाबी राहो. त्याले भाव इचारानाच. मुकाट्यानं पुढे जानं म्हंजे दारमा उभा माणूसले पानी बी न इचारनं."

असे न विचारलेले ढीग ते दरवर्षी घरी आणायचे. जिजी ते गच्चीवर वाळत घालायच्या, वारा सुटला की सगळी गल्ली शिंकायची, आणि मग प्रत्येक घरी काळपट चटणीची एकेक बरणी यायची. चटणी फार वाईट असायची. आम्ही सगळे छान आहे म्हणायचो.

नानांना एकच धाकटा भाऊ, प्रकाश, सुरतेला लूमच्या कारखान्यात. माणूस वाईट नव्हता. सगळं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं, आता त्याला वडिलांच्या घरातला आपला अर्धा वाटा हवा होता, म्हणजे तिकडं स्वतःचं छप्पर होईल. नानांकडं त्याला द्यायला तेवढे पैसे नव्हते. तेव्हा घर विकणं आलं. नानांनी त्यावर एक दिवसही तोंड पाडलं नाही. त्यांनी आणि जिजींनी देवपुरातच, कॉलेजच्या बाजूला दोन खोल्या बघून ठेवल्या. बावीस लाखांना मिळत होत्या. जिजी तिथं जाऊन पलंग कुठं बसेल तेही बघून आल्या. पलीकडं रावेरला त्यांची एकुलती मुलगी दिलेली. केळीची बाग, ट्रॅक्टर, सगळं होतं, पण घर सासू-सासरे-दिरांनी भरलेलं. मुलीनं आधीच सांगितलं होतं, आई, तू ये, तुझं होईल. बाबांचं मात्र इथं कसं जमेल. म्हणून त्या दोन खोल्या. त्या मिळाल्या तर दोघं एकत्र, नाही तर एक इकडं आणि एक तिकडं. एवढा साधा मामला होता.

प्रकाशची एकच अट होती. घर ओळखीत द्यायचं नाही, जाहीर लिलाव करायचा. "भाऊचा काय भरवसा," तो मला म्हणाला, "कोणी डोळ्यांत पाणी आणलं तर फुकट देऊन टाकतील." मेथीचा अनुभव असल्यामुळं मला त्याचं म्हणणं खोडता येईना.

मग एका रविवारी ओट्यावर राखीव किंमत ठरवायची बैठक बसली. ज्याच्या खाली घर द्यायचंच नाही तो आकडा म्हणजे राखीव किंमत. एका वकिलांना मधे घातलं होतं आणि दोन्ही भावांचा विश्वास असलेला शेजारी म्हणून मला बोलावलं होतं.

प्रकाश म्हणाला, "साठ लाख."

नाना म्हणाले, "पस्तीस."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. माझ्याच दुकानातला होता. "नाना, तुम्ही विकणारे आहात," ते म्हणाले.

"तेच सांगस. साठले कोणी हातच वर करनार नही. भाव खालथून वर जास, वरथून खाले येत नही. पस्तीसले ठेवा. चार हात वर हुई जाऊ द्या, पन्नासवर जाई. मी पाह्यनं ते मी पाह्यनं."

"आणि पस्तीसलाच गेलं तर?"

"जाई कसं? इतली माणसं शेतस गल्लीमा."

दोघं तासभर अडून बसले. जिजी दोनदा चहा देऊन गेल्या. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला लिलावातलं काही कळत नाही, घरांच्या किमतीतलंही नाही, पण माझ्याकडं कोणी सल्ल्यासाठी बघितलं की मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "मधलं धरा." साठ आणि पस्तीस यांच्या मधलं म्हणजे काय याचा हिशेब मलाही येत नव्हता, वकिलांनीच पंचेचाळीस केले. वर नानांनी एक कलम घालून घेतलं: बोली आली नाही तर पुढच्या खेपेला पाच लाख उतरवायचे, आणि विकलं जाईपर्यंत असंच. बाजारात आणलेला माल परत न्यायचा नसतो, असं त्यांचं मत. प्रकाशनं सही केली. त्यालाही वाटत होतं, पहिल्याच खेपेला जाईल. वकिलांनाही वाटत होतं. घर पन्नासचं होतं, हे सगळ्या देवपूरला माहीत होतं.

विसरलो होतो आम्ही एकच गोष्ट, आणि ती आम्हा सगळ्यांच्या हाडात होती. राहत्या माणसाच्या चुलीवर आमच्याकडं कोणी बोली लावत नाही. माणूस वारला, कुटुंब गाव सोडून गेलं, मग गोष्ट वेगळी. पण जिथं अजून रोज भाकरी भाजली जाते त्या घराला लिलावात हात घातला तर हाय लागते. ही समजूत शिकलेल्यांतही आहे. माझ्यात तर आहेच. चष्म्याच्या काचा जर्मनीच्या ठेवतो, पण शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधतो.

पहिल्या लिलावाला ओट्यापुढं सगळी गल्ली जमली होती. नानांना आनंद झाला. वकिलांचा कारकून पुकारायला उभा राहिला. तो किंमत अशा आवाजात वाचत होता, जणू पाणीपट्टीची नोटीस वाचतोय. नाना प्रत्येक शब्दाला डोळे मिटत होते. "पंचेचाळीस लाख," कारकून म्हणाला. सगळे नानांच्या उंबऱ्याकडं बघत उभे. कोणी बोललं नाही. एक, दोन, तीन. कारकुनानं कागद मिटला.

लोक पांगताना नानांच्या पाया पडून गेले.

दुसऱ्या खेपेला चाळीस. तोच प्रकार. बाहेरून दोन-चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती, पण ती आधी गल्लीत चौकशी करायची आणि गल्ली त्यांना प्रेमानं चहा पाजून परत पाठवायची. "देवमाणूस आहे हो. म्हातारं जोडपं. कशाला हाय घेता?" दोघांना तर मीच दुकानात बसवून समजावलं. एकाला जाताना चष्म्याची दोरीही भेट दिली. आपण नानांसाठी केवढं करतोय या भावनेनं त्या रात्री मला फार छान झोप लागली.

कोपऱ्यावर भामरे सर राहायचे. हायवेला जमीन गेलेली, पैसे बँकेत पडून, दोन मुलांची लग्नं झालेली आणि घर अपुरं. नानांचं घर त्यांना हवं होतं, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. नाना एका सकाळी मला बरोबर घेऊन त्यांच्याकडं गेले. भामरे सर धावत बाहेर आले, खुर्ची दिली.

"सर," नाना म्हणाले, "पुढला खेपले तुम्ही बोला."

भामरे सरांनी दोन्ही कानांना हात लावले. "नाना, तुमच्या चुलीवर मी बोली लावू? मेलो तरी नाही."

"मरू नका. बोली लावा."

"माझ्या आईनं तुमच्या घरचं पाणी प्यायलंय."

"मंग तिना पोऱ्यानी माले दोन खोल्या लेवाले मदत कराले पायजे."

"पैसे हवेत का, नाना? सांगा. असेच देतो. परत नका करू."

नानांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "फुकट देशात," ते म्हणाले, "पन भाव नही सांगशात."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नानांचे पाय धरले. नानांना खुर्चीतून उठता येईना, कारण पाय सुटत नव्हते.

रस्त्यात मी म्हटलं, "सरांचं मन मोठं आहे." नाना पुढं चालायला लागले.

तिसऱ्या खेपेला किंमत पस्तीसवर आली. म्हणजे नानांचा स्वतःचा आकडा. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि कारकुनाच्या हातातून कागद काढून घेतला. "तू बस रे भो. आज मी."

वकिलांनी प्रकाशकडं पाहिलं. प्रकाशनं मान हलवली.

नानांची हर्राशी मी दोंडाईच्याला ऐकली होती, पण ही तशी नव्हती. ते ओट्यावर चढले आणि सुरुवातीला अगदी हळू, बोलल्यासारखं, घर दाखवायला लागले. ही भिंत बापानं बांधली, दीड विटेची आहे, उन्हाळ्यात हात लावून बघा. बोअरला मे महिन्यातही पाणी. गच्ची गळत नाही, फक्त मिरचीचा वास येतो. लोक हसले. मग आवाज चढायला लागला. पस्तीस, पस्तीस, पस्तीस लाख, बोला भामरे सर, बोला डाक्तर, पस्तीस एक, कोण म्हणतो छत्तीस, छत्तीसची खिडकी, सदतीसचा ओटा, बोला ना रे पोरंहो. अंगावर काटा येत होता. दारात जिजी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. आणि खाली आम्ही सगळे, प्रत्येकानं हात पाठीमागं घट्ट धरलेले. चुकूनही वर जाऊ नये म्हणून. माझी बोटं दुखायला लागली होती, तरी मी सोडली नाहीत.

"पस्तीस दोन," नाना म्हणाले. मग थांबले. तीन त्यांनी म्हटलंच नाही. पाणी प्यायले, ओट्याच्या कडेला बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारची रखमा रडायला लागली. तिचं बघून बाकीच्या. नाना त्यांच्याकडं असे बघत होते, जणू एखाद्या परक्या मुलखात आलेत आणि इथली भाषा त्यांना येत नाही.

चौथ्या खेपेला ते बाहेर आले नाहीत. कारकुनानं तीस वाचले. मागं एक गाडी उभी होती, तिच्यातून शिरपूरकडचा एक माणूस उतरला. त्यानं गल्लीत कुणाला काही विचारलेलं नव्हतं. चहाही घेतला नाही. "तीस," तो म्हणाला. दुसरा आवाज नव्हता. कारकुनानं तीन म्हटलं. एवढ्यावर संपलं.

अर्धे पंधरा. दोन खोल्या बावीसच्या. प्रकाशला सुरतेत जे घ्यायचं होतं तेही आता होणार नव्हतं. तो ओट्यावर बसून राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना दोघं भाऊ भांडलेसुद्धा नाहीत.

आम्ही नानांना निरोप द्यायचं ठरवलं. टॉवेल, टोपी, नारळ. वर्गणी मी जमवली. भामरे सरांनी भाषण केलं. फार सुंदर बोलतात ते. शेवटी म्हणाले, "आम्हाला एकाच गोष्टीचा अभिमान आहे. परका येऊन घेऊन गेला, पण आमच्या गल्लीतल्या एकाही माणसानं नानांच्या घराला हात लावला नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता माझे हात मधेच थांबले, कारण नाना उठून उभे राहिले होते.

"लावाले पायजे होता," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, रागही नव्हता. "तुम्ही बठ्ठा भला माणसं शेतस. तुमनाइतका भला माणसं कुठे भेटावत नही. मना घरले एकबी माणूसनी भाव इचारा नही."

भामरे सर खाली बसले. टॉवेल नानांच्या खांद्यावरच होता. सगळ्यांना पेढे वाटून झाले, कुणी खाल्ले, कुणी हातात धरून घरी नेले.

सामान फार नव्हतंच. पलंग नव्या मालकानं ठेवून घेतला. जिजी रावेरला मुलीकडं जाणार आणि नाना दोंडाईच्याला, अडत्याच्या पेढीमागं एक खोली होती तिथं. पंधरा लाख बँकेत टाकले. कधी भाव उतरले तर घेऊ म्हणाले दोन खोल्या, पण असं म्हणताना दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

मी त्यांना धुळ्याच्या स्टँडवर पोहोचवायला गेलो. रावेरची गाडी आधी लागली. जिजी खिडकीत बसल्या आणि मग कुकरवरून वाद सुरू झाला. एका पिशवीत त्यांचा कुकर होता.

"हाऊ तुम्ही ल्या," जिजी म्हणाल्या. "खिचडी तरी लावशात."

"मी काय एकला शिट्या मोजत बसू? तू ने."

"व्याहीना घर मी मना कुकर लई जाऊ? त्या काय म्हनतीन?"

पिशवी खिडकीतून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. कंडक्टर म्हणाला, आजी, ठरवा काहीतरी. जिजींनी पिशवी शेवटची बाहेर दिली आणि खिडकीची काच ओढून घेतली. ती अर्ध्यातच अडकली. त्यांनी जोर लावला, पण सरकली नाही. गाडी निघाली तेव्हा त्या अर्ध्या काचेमागं त्या समोर बघत बसल्या होत्या.

नाना पिशवी घेऊन उभे. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून जळगावपर्यंत रस्ता आता चांगला झालाय असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोंडाईच्याची गाडी लागली तशी त्यांनी पिशवी माझ्या पायाशी ठेवली. "डाक्तर, जरा पाहाजो," म्हणाले आणि गर्दीत शिरले. मला वाटलं, रुमाल टाकून जागा धरायला गेलेत. आता येतील, पिशवी घेतील. मी एक पाय पिशवीला लावून, कुणी उचलू नये म्हणून चहूकडं लक्ष ठेवून उभा राहिलो. गाडीचं दार लागलं. मी हात केला, ड्रायव्हरला थांब म्हणालो, पिशवी उचलून थोडा धावलोही. मागच्या खिडकीत नाना दिसले. त्यांनी मला पाहिलं, पिशवीही पाहिली, आणि तोंड फिरवून घेतलं.